लातुरात दोन सर्व्हरचं हाय-अव्हेलेबिलिटी स्टोरेज लावतोय, चालू करण्याआधी चुका काढा

मांजराकाठ
३ मे, रात्री ११:१२

मंडळी, धागा लांब आहे, चहा घेऊन बसा.

लातुरातल्या एका निदान केंद्राचं काम घेतलंय. सीटी, एक्स-रे, सोनोग्राफी या सगळ्यांच्या प्रतिमा पॅक्स सर्व्हरमधून (तपासणीच्या प्रतिमा साठवून दाखवणारी व्यवस्था) एका जुन्या स्टोरेज डब्यावर जातात. मागच्या उन्हाळ्यात त्या डब्याचा मदरबोर्ड गेला. डिस्क शाबूत होत्या, पण त्या जातीचा बोर्ड पुण्याहून यायला दीड दिवस लागला. उदगीर-अहमदपूरहून आलेले पेशंट तोवर बाकड्यावर बसून. मालक डॉक्टर तेव्हा मला म्हणाले, "दोन घ्या नाहीतर तीन घ्या, पण मशीन बंद म्हणून पेशंट वापस जायला नको."

तर मांडणी अशी. एकसारखे दोन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीच्या ८ डिस्क, एमडी-ॲडमने (लिनक्सचं डिस्क जोडायचं साधन) रेड-१०, म्हणजे सगळं दोन-दोन डिस्कवर, वापरायला १६ टीबी. त्यावर एलव्हीएम (जागेचे भाग पाडायला), त्यावर डीआरबीडी (एका सर्व्हरवरचं लिखाण नेटवर्कवरून दुसऱ्यावर जसंच्या तसं उतरवणारं), प्रोटोकॉल सी. दोघांच्या मध्ये १० गिगाबिटची थेट केबल, स्विच नाही. वर पेसमेकर (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (दोघे जिवंत आहेत का ते एकमेकांना कळवणारं), डेबियन १२ लिनक्स. डीआरबीडी कर्नलसोबत येतं तेच, म्हणजे ८.४. पेसमेकरमधला क्रम: आधी डीआरबीडी प्राथमिक होतं (म्हणजे त्या बाजूला लिहिता येतं), मग एक्सएफएस फाइल सिस्टिम माउंट, मग एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फायली देणारा), मग एक्स्पोर्ट आणि सगळ्यात शेवटी तरंगता आयपी, म्हणजे जो सर्व्हर चालू त्याच्याकडे जाणारा पत्ता. पॅक्स सर्व्हर त्या आयपीवरून माउंट करतो.

चाचणी म्हणून चालू नोडची, म्हणजे सर्व्हरची, वायर उपटली. वीस सेकंदांत आयपी दुसऱ्याकडे. लई भारी वाटलं, खरं सांगतो.

आता अडचणी.

एक, आयपी वीस सेकंदांत येतो, पिंग चालू होतं, पण पॅक्सला नवी फाइल लिहायला त्यानंतर जवळजवळ दीड मिनिट लागतं. लॉगमध्ये एरर नाही. नुसतं थांबतं आणि मग सुरळीत.

दोन, रेड-१० ऐवजी रेड-६ केलं तर जागा वाचेल. करू का?

तीन, मित्र म्हणतो हे सगळं सोड आणि सेफ (अनेक सर्व्हरवर प्रती पसरवणारं स्टोरेज) घे.

हो, स्टोनिथ (गप्प झालेल्या नोडची वीज तोडायची सोय) बंद ठेवलंय. चालू असलं की रिसोर्स (वरच्या क्रमातल्या सेवा) उठतच नव्हते, आणि ज्या शिकवणीवरून केलं तिच्यातही बंदच करायला सांगितलंय.

---

ज्वारीचं कणीस
४ मे, सकाळी ७:०५

वाचतोय. खुणेसाठी प्रतिसाद.

---

जुना कारकून
४ मे, सकाळी ९:४८

शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

शिकवणीत स्टोनिथ तात्पुरतं बंद करतात ते पहिला धडा पुढे सरकावा म्हणून. पुढच्या धड्यात ते चालू करतात. आपल्याकडे पहिल्या धड्यावर काम झालं की वही मिटते, आणि तोच क्लस्टर तीन वर्षं चालतो.

तुमच्या चाचणीत वायर उपटली, म्हणजे तो नोड खरोखर मेला होता. अशा वेळी काहीही चालतं. अडचण येते ती नोड जिवंत असून त्याचा आवाज पोहोचत नाही तेव्हा. अ ला ब दिसत नाही. ब मेला की मधली केबल मेली, हे अ ला कळायचा मार्ग नाही. ब चंही तेच. दोघेही प्रामाणिकपणे ठरवतात की आता मीच मालक. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोन तलाठी दोन गावांत बसून वेगवेगळे फेरफार नोंदवायला लागले तर काय होईल, तेच इथे होतं. दोन्ही नोंदी सही-शिक्क्यानिशी, दोन्ही खऱ्या, आणि शेत एकच.

म्हणून फेन्सिंग. समोरचा गप्प आहे एवढ्यावर काही हातात घ्यायचं नाही. आधी त्याची वीज तोडायची, तुटल्याची पावती घ्यायची, मगच डिस्कला हात. स्टोनिथ या नावाचा अर्थच 'समोरच्या नोडच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे. विनोदाने ठेवलंय, पण काम तेच करतं. चालू असताना तुमचे रिसोर्स उठत नव्हते कारण स्टोनिथचं एकही उपकरण तुम्ही दिलेलं नव्हतं. पेसमेकरने नकार दिला तो बरोबर होता.

दोन प्रश्न. कोरोसिंक कोणत्या केबलवर चालतं? आणि सर्व्हरला आयपीएमआय (लांबून बंद-चालू करायची सोय) आहे का, त्याचं पोर्ट कुठे जोडलंय?

---

मांजराकाठ
४ मे, दुपारी १:३०

कोरोसिंक त्याच थेट १० गिगाबिटच्या केबलवर आहे. मुद्दाम, स्विचचा भरवसा नको म्हणून. दीड मीटरची केबल, एकाच रॅकमध्ये, ती कशाला तुटतीय?

आयपीएमआय आहे. पोर्ट रिकामं आहे. पासवर्डसुद्धा बदललेला नाही, शिव्या द्या.

---

गोदातीर
४ मे, रात्री १०:२०

केबल कशाला तुटतीय म्हणता? ऐका.

जालना बाजूचं एक काम, पार्टीचं नाव सांगत नाही. हीच मांडणी, हीच थेट केबल, स्टोनिथ बंद. केबल तुटली नाही. एका बाजूचं १० गिगाबिटचं कार्ड गरम होऊन अडकलं. खोलीचा एसी शनिवारी संध्याकाळी शिपायाने बंद केला होता, माणसं नाहीत तर एसी कशाला म्हणून. बाहेर ४३ अंश.

कार्ड गेलं, तसं कोरोसिंक आणि डीआरबीडी दोन्ही एकदम गेले, कारण दोघांचा रस्ता एकच. दोन्ही नोड प्राथमिक झाले. दोघांनीही तोच तरंगता आयपी ऑफिसच्या नेटवर्कवर लावला. आता गंमत बघा, कुणाचाही पीसी बंद पडला नाही. ज्याच्या एआरपी तक्त्यात (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा, याची यादी) जो मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा पत्ता, बसला होता, तो पीसी त्या नोडकडे जात राहिला. सोमवारी आणि मंगळवारी हिशेबाची माणसं एका सर्व्हरवर आणि गोदामाची दुसऱ्यावर लिहीत होती. तक्रार एकच, "साहेब, काल केलेली फाइल दिसंना." मी म्हणालो, नीट सेव्ह केली नसंल.

बुधवारी सर्व्हर रीस्टार्ट केला, कार्ड जागं झालं, आणि लॉगमध्ये ओळ आली: स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड बट अनरिझॉल्व्ड, ड्रॉपिंग कनेक्शन. डीआरबीडी शहाणं आहे. दोन्हीकडे वेगळं लिहिलं गेलंय हे ओळखून ते जोडायला नकार देतं. पुढचं तुम्ही ठरवायचं, कुणाचं खरं आणि कुणाचं फेकायचं. हरलेल्या बाजूवर 'डिस्कार्ड-माय-डेटा' लावून जोडायचं. ही आज्ञा टाइप करताना माझा हात थरथरत होता, खोटं नाही सांगत. त्याआधी हरणाऱ्या बाजूचा सगळा माल बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मग शे-दीडशे फायली एकेक उघडून, माणसाला शेजारी बसवून, "ही तुमची का? ही नवी का?" असं दोन रात्री चाललं.

तुमच्याकडे त्या फायली म्हणजे कुणाच्या तरी मेंदूचा सीटी आहेत. बघा बुवा.

---

मांजराकाठ
४ मे, रात्री ११:०२

ठीक. झोप उडाली. उद्या आयपीएमआय जोडतो. कोरोसिंकला दुसरी लिंक ऑफिसच्या स्विचमधून देतो.

---

जुना कारकून
५ मे, सकाळी ९:१५

दुसरी लिंक द्याच. कोरोसिंक ३ मधलं केनेट (त्याचा संदेश पोहोचवणारा भाग) एकावेळी आठ लिंकपर्यंत घेतं, तुम्हाला दोन पुरे.

आयपीएमआयची एक युक्ती सांगतो. अ नोडचं एखादं रिकामं लॅन पोर्ट असेल तर त्यातून थेट ब च्या आयपीएमआय पोर्टात केबल घाला, आणि ब मधून अ च्या. मध्ये स्विच नाही. नाहीतर स्विच मेला की दुसरी लिंकही जाते आणि मारायचा रस्ताही. मात्र बायोसमध्ये आयपीएमआय स्वतंत्र पोर्टावर 'डेडिकेटेड' आहे याची खात्री करा. काही बोर्डांवर ते पहिल्या लॅन पोर्टात वाटेकरी होऊन बसतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. दोन्ही नोड धडधाकट आणि मधले सगळे रस्ते बंद, अशा वेळी दोघेही एकमेकांना एकदम गोळी घालतात आणि दोघेही झोपतात. म्हणून एकाला मारण्याआधी थोडं थांबायला लावा. 'पीसीएमके-डिले-बेस' हा पर्याय अ ला मारणाऱ्या उपकरणावर दहा सेकंद ठेवा, म्हणजे झटापटीत अ जिंकेल.

दुसरी गोष्ट, पेसमेकरपुरतं फेन्सिंग लावून भागत नाही. डीआरबीडीच्या संरचनेत फेन्सिंग 'रिसोर्स-अँड-स्टोनिथ' करा आणि सीआरएम-फेन्स-पीअर हा हँडलर (प्रसंग आला की चालणारी स्क्रिप्ट) द्या. जोडी तुटली की डीआरबीडी लिहिणं थांबवतं, क्लस्टरकडून समोरच्याचा बंदोबस्त करून घेतं आणि मग पुढे लिहितं.

---

वायरमनकाका
५ मे, रात्री ८:४०

मी नांदेडचा. संगणकातला नाही, विजेतला माणूस. पण माझ्या पुतण्यामुळे या खोल्या बऱ्याच बघितल्यात. एक विचारतो.

तुमचं ते आयपीएमआय का काय, त्याला वीज कुठून मिळते? त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधून ना? मग त्या सर्व्हरची वीजच गेली तर तेही मेलं. दुसरा नोड त्याला विचारणार, "मेलास का?" आणि तिकडून उत्तर नाही. म्हणजे सगळ्यात साधा अपघात, यूपीएस बसला किंवा एमसीबी पडली, त्यातच तुमची व्यवस्था अडकणार. बरोबर का चूक, जाणत्यांनी सांगावं.

---

जुना कारकून
५ मे, रात्री ९:०५

काका, दंडवत. अगदी बरोबर. पेसमेकर त्या नोडला 'अनक्लीन' म्हणून ठेवतो आणि पावती मिळेपर्यंत काहीच हलवत नाही. जिवंत नोड तयार असून हातावर हात धरून बसतो.

उपाय, मारण्याचा दुसरा रस्ता. नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारा पीडीयू घ्यायचा, एकेक सॉकेट हुकमाने तोडणारा. पेसमेकरमध्ये पायऱ्या लावायच्या: पहिली पायरी आयपीएमआय, ती हुकली तर दुसरी पीडीयू. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही सॉकेट एकाच पायरीत घाला. आधी दोन्ही बंद, मग दोन्ही चालू. एक बंद करून चालू केला आणि मग दुसरा, तर सर्व्हर हसत उभा राहतो आणि पावती मात्र 'मेला' अशी मिळते. यापेक्षा वाईट काही नाही.

---

वायरमनकाका
५ मे, रात्री १०:१०

मग माझं थोडं ऐकाच.

दोन यूपीएस घेतले असतील तर ते दोन वेगळ्या फेजवर आहेत का बघा. आपल्याकडं तिन्ही फेज एकदम कमी वेळा जातात, एकच उडते. दोन्ही यूपीएस तिच्यावरच असले तर दोन घेऊन उपयोग काय?

अर्थिंग मोजा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. मराठवाड्यात जमीन काळी, मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात. खड्डा कोरडा पडतो, इलेक्ट्रोडभोवती माती सुटते आणि अर्थ नावापुरता राहतो. पावसाळ्यात मोजलं तर सगळं छान दिसतं. मोजायचं ते उन्हाळ्यात, दुपारी, एसी चालू असताना. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं. ते काम कुणाचं, हे लिहून ठेवायचं.

आणि यूपीएसची बॅटरी थंड खोलीत ठेवा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे शिसं-आम्ल बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. जिन्याखाली ठेवलेली बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात जाते, आणि गेलेली कळते ती लाइट गेल्यावर.

---

दुसरा नोड
६ मे, दुपारी १२:२२

दीड मिनिटाचं कोडं कुणी सोडवलं नाही म्हणून मी येतो.

तो एनएफएस ४ चा 'ग्रेस' काळ आहे. सर्व्हर नव्याने उठला की आधीच्या क्लायंटना आपापली कुलपं परत सांगायला वेळ देतो, आणि तोवर नवी फाइल कुणालाच उघडू देत नाही. मूळ मुदत ९० सेकंद. म्हणून लॉगमध्ये एरर नाही, काही बिघडलेलंच नाही.

४.१ किंवा पुढची आवृत्ती वापरणाऱ्या सगळ्या क्लायंटनी "माझं सांगून झालं" म्हटलं की सर्व्हर ग्रेस आधीच संपवतो. त्यासाठी दोन अटी. क्लायंटची यादी दोन्ही नोडना दिसली पाहिजे, म्हणजे एनएफएसची स्थिती ठेवणारी डिरेक्टरी डीआरबीडीवर हवी. पेसमेकरच्या एनएफएस-सर्व्हर रिसोर्समध्ये 'शेअर्ड इन्फोडिर' असा पर्याय आहे, तो भरा. दुसरी अट, यादीतला एखादा क्लायंट मध्येच गायब झालेला नको. तो उत्तर देणार नाही आणि सर्व्हर त्याच्यासाठी पूर्ण ९० सेकंद ताटकळेल.

एनएफएसच्या संरचनेत ग्रेस आणि लीज (क्लायंटच्या कुलपांची मुदत) दोन्ही कमी करता येतात. १५ सेकंद ठेवा, पण ग्रेस लीजपेक्षा कमी नको. एक्स्पोर्टमध्ये एफएसआयडी (शेअरची ओळख) दोन्ही नोडवर एकच असू द्या, नाहीतर क्लायंटला 'स्टेल फाइल हँडल' एरर. क्लायंटवर माउंट 'हार्ड'च ठेवा, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत तो थांबतो. 'सॉफ्ट' केलं तर अदलाबदलीच्या काळात अर्धी लिहिलेली प्रतिमा एरर खाऊन बसेल.

---

मांजराकाठ
६ मे, रात्री ९:३३

सापडला! एका डॉक्टरांच्या लॅपटॉपवर कुणीतरी हौसेने तेच शेअर माउंट करून दिलं होतं. लॅपटॉप झाकण मिटून त्यांच्या गाडीत. इन्फोडिरही माझी प्रत्येक नोडची वेगळी होती. दोन्ही सुधारलं. आता आयपी आल्यावर सात-आठ सेकंदांत लिहिणं सुरू होतं.

---

सेफ एके सेफ
७ मे, सकाळी १०:००

एवढा खटाटोप कशासाठी? तीन नोड घ्या, सेफ टाका, डिस्क गेली काय, नोड गेला काय, स्वतःच सावरतं. डीआरबीडी आता म्हातारं झालं.

---

जुना कारकून
७ मे, सकाळी ११:३५

म्हातारं म्हणाल तर दोघंही मूळ कर्नलमध्ये एकाच वर्षी आली, २०१० मध्ये. डीआरबीडी २.६.३३ ला, सेफचा क्लायंट २.६.३४ ला.

सेफ उत्तमच आहे. मी स्वतः चालवतो, पण तिथे नोड बारा आहेत आणि माणसं तीन. तीन प्रती ठेवायच्या तर १६ टीबीसाठी ४८ टीबीच्या डिस्क. प्रत्येक ओएसडीला (सेफचा दर डिस्कमागे चालणारा प्रोग्राम) ४ जीबी रॅम धरायची. तीन नोडपैकी एक गेला की तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही, तो परत येईपर्यंत जखम उघडी. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, रात्री दोन वाजता लातुरात कोण बघणार? डीआरबीडीखाली साधं एक्सएफएस आहे. दोन्ही सर्व्हर जळाले तरी डिस्क काढून तिसऱ्या मशीनला लावली, रेड जुळवलं, की फायली जशाच्या तशा समोर. एकट्या माणसाला हा धीर फार मोठा असतो. पाच-सात नोड झाले की सेफकडे जावं.

ग्लस्टर (याच जातीचं दुसरं स्टोरेज) सुचवणार असाल तर रेड हॅटने त्यांच्या ग्लस्टर उत्पादनाचा आधार २०२४ अखेर थांबवला. नवीन कामाला मी घेणार नाही.

---

सेफ एके सेफ
७ मे, दुपारी १२:०४

एकट्या माणसाचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर भांडू कधीतरी.

---

गोदातीर
७ मे, रात्री ११:४०

रेडचं कुणी बोललं नाही. रेड-१० च ठेवा. रेड-६ मध्ये छोट्या छोट्या लिखाणाला वाचा-मोजा-लिहा करावं लागतं, आणि प्रोटोकॉल सी मध्ये दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय होकार मिळत नाही, म्हणजे जो नोड हळू त्याच्या चालीने दोघं चालणार. आठ डिस्कमध्ये वाचून वाचणार किती, ८ टीबी. सोडून द्या.

पहिल्या जुळवणीचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करण्याचं, सांगतो. डीआरबीडी मूळ सेटिंगवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडतं. त्या चालीने १६ टीबी म्हणजे ४४ तास. 'सी-मॅक्स-रेट' वाढवा, तुमच्या डिस्कनी ४०० दिले तर ११ तासांत होईल. डिस्क कोऱ्या असतील तर जुळवणी टाळण्याची आज्ञाही आहे, 'न्यू-करंट-यूयूआयडी' आणि 'क्लिअर-बिटमॅप'. पण मग पुढे 'व्हेरिफाय' चालवलं की न वापरलेल्या जागेत हजारो फरक दिसतात आणि खरा फरक त्यात हरवतो. मी सरळ पूर्ण जुळवणी करतो. एक रात्र जाते, जाऊ द्या.

अवांतर: हे बॅकअप नाही. एकाने फोल्डर उडवलं की दुसरीकडेही त्याच क्षणी उडतं, तेही अत्यंत विश्वासार्ह रीतीने.

---

ज्वारीचं कणीस
८ मे, सकाळी ८:१५

शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावायला पाहिजे.

बाळबोध प्रश्न: दोनच नोड असल्यावर बहुमत कसं ठरतं? तिसरं काहीतरी लागत नाही का?

---

जुना कारकून
८ मे, सकाळी १०:५०

बाळबोध नाही, नेमका आहे. कोरोसिंकमध्ये 'टू-नोड' नावाची सवलत आहे. एक गेला तरी उरलेल्याला बहुमत मानतात. तिच्यासोबत 'वेट-फॉर-ऑल' आपोआप लागतं, म्हणजे थंड मशीन उठल्यावर दोघांनी एकदा तरी एकमेकांना बघितल्याशिवाय कुणी काम सुरू करत नाही. नाहीतर उठलेला पहिला नोड न दिसणाऱ्याला गोळी घालतो, तो उठून पहिल्याला, असं रात्रभर चालतं.

तिसरं मत हवं असेल तर क्यू-डिव्हाइस आहे. दुसऱ्या इमारतीतल्या एखाद्या छोट्या मशीनवर क्यूनेटडी (ते मत देणारा प्रोग्राम) चालवायचं. मात्र मग 'टू-नोड' काढावं लागतं आणि 'वेट-फॉर-ऑल' स्वतः लावावं लागतं, हे लोक विसरतात. फेन्सिंग दोन रस्त्यांनी पक्कं असेल तर या कामाला मी क्यू-डिव्हाइस घालणार नाही. एक डबा कमी तितकी एक फजिती कमी.

---

मांजराकाठ
२४ मे, रात्री १०:५५

तीन आठवड्यांनी येतोय. पीडीयू यायला वेळ लागला. आज रविवार, केंद्र बंद, सकाळी आठपासून मोडतोड केली. जसं झालं तसं लिहितो.

पहिलंच फेन्सिंग फेल. अ कडून ब ला मारायची आज्ञा दिली, 'ऑथेंटिकेशन' एरर. पासवर्ड बरोबर, ब्राउझरमधून आत जाता येतं. तासभर डोकं आपटलं. मी शहाणपणाने २४ अक्षरी पासवर्ड ठेवला होता. आयपीएमआय २.० मध्ये पासवर्ड २० अक्षरांपर्यंतच. वेब पानाने तो मुकाट घेतला होता. छोटा केला, 'लॅनप्लस' (आयपीएमआय २.० ची बोली) चालू केलं, ब चा पंखा गप्प झाला. समोरचं मशीन आपल्या हुकमाने मरताना बघून एवढा आनंद व्हावा, हे बायकोला समजावता आलं नाही.

मग अ वर मुद्दाम कर्नल कोसळवला. ब ने त्याला मारलं, सगळं उचललं, पॅक्सला कळलंसुद्धा नाही. सीटीच्या तंत्रज्ञाला चाचणी प्रतिमा पाठवायला बसवलं होतं, तो म्हणाला, "एक जरा हळू गेली."

मग थेट केबल काढली. कोरोसिंक दुसऱ्या लिंकवर चालूच. डीआरबीडीने क्षणभर लिहिणं थांबवलं, ब वर 'प्राथमिक होऊ नकोस' अशी अट क्लस्टरमध्ये टाकली आणि लिहिणं पुढे चालू. कुणी मेलं नाही. केबल परत लावली, राहिलेलं जुळलं. वा म्हणालो, आणि जेवायला गेलो.

जेवून आलो आणि अ ची वीज तोडली. आयपीएमआयकडून उत्तर नाही, काका म्हणाले तसंच. मग पीडीयूने दोन्ही सॉकेट तोडले, पावती मिळाली, मिनिटभर लागलं. आणि ब ने काहीच उचललं नाही. अ मेलेला, ब जिवंत, डेटा पूर्ण जुळलेला, आणि ब नुसता दुय्यम होऊन बसलेला. चाळीस मिनिटं. घाम फुटला. शेवटी अटींची यादी काढली तर सकाळची 'ब ने प्राथमिक होऊ नये' ही अट तिथेच बसलेली. लावणारा हँडलर मी दिला होता, काढणारा विसरलो होतो. जुळवणी संपल्यावर चालणाऱ्या 'आफ्टर-रीसिंक-टार्गेट' मध्ये सीआरएम-अनफेन्स-पीअर लागतो. घातला, तीच चाचणी पुन्हा तीनदा केली, तिन्ही वेळा पास.

ही चाचणी जेवणाआधीच थांबवली असती तर ती अट तशीच राहिली असती आणि पुढच्या खऱ्या बिघाडात मी इथे नाही, मालकांच्या केबिनमध्ये उभा असतो.

सगळ्या केबली एकदम काढल्यावर अ जिंकला, दहा सेकंदांच्या सवलतीने. आणि हो, मागच्या मंगळवारी खरी परीक्षा होऊन गेली. वळवाचा पाऊस आला, पाठीमागची डीपी उडाली, जनरेटर दोन झटके देऊन गप्प. बॅटरी ठरलेल्या पातळीला आल्यावर एनयूटीने (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) आधी पूर्ण क्लस्टर एकदम थांबवला, मग दोन्ही सर्व्हर बंद केले. लाइट आल्यावर अ आधी उठला आणि ब ची वाट बघत बसला, चार मिनिटं. एखादा उठलाच नाही तर काय करायचं, ते कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवलंय: आधी दुसऱ्याची वायर हाताने काढा, मग 'पीसीएस क्वोरम अनब्लॉक'. वायर काढण्याचं वाक्य लाल पेनाने.

बॅकअप रोज रात्री तिसऱ्या जागी जातो, क्लस्टरबाहेर.

---

गोदातीर
२४ मे, रात्री ११:२०

अट राहून जाण्याची गोष्ट नोंदवून ठेवली. माझ्या दोन ठिकाणी उद्याच बघतो. पोटात गोळा आला.

---

वायरमनकाका
२५ मे, सकाळी ६:३०

खड्ड्यात पाणी टाकलं का?

---

मांजराकाठ
२५ मे, सकाळी ९:१०

टाकलं काका. आधी दुपारी मोजलं तर न्यूट्रल-अर्थ ११ व्होल्ट होतं. खड्डा उकरला, माती भरली, चार बादल्या पाणी. आता २ च्या खाली. शनिवारचं पाणी वॉचमनच्या कामाच्या यादीत लिहिलंय. यूपीएसही दोन फेजवर केले.

---

ज्वारीचं कणीस
२५ मे, सकाळी १०:००

संरचनेच्या फायली टाकाल का इथे? हँडलरसकट.

---

मांजराकाठ
२५ मे, सकाळी १०:१४

टाकतो, दोन दिवस द्या. आयपी आणि पासवर्ड काढून घेतो आधी.